एकशे अठराव्या पानापुढे

लग्नाच्या बायोडेटात 'छंद' या शब्दापुढे 'वाचन' लिहायचं असतं, तसं मीही लिहिलं होतं. त्याच्यापुढे 'विशेषतः रशियन साहित्य' हे माझ्या थोरल्या बहिणीनं घातलं, कारण माझ्या टेबलावर एक जाडजूड रशियन कादंबरी महिनाभर पडलेली तिनं पाहिली होती. "नुसतं वाचन सगळेच लिहितात," ती म्हणाली. मी ते शब्द खोडायला हवे होते. खोडले नाहीत.

कादंबरी इंग्रजी भाषांतरातली होती, सातशेहून जास्त पानांची. मी एकशे अठराव्या पानापर्यंत पोचलो होतो आणि तिथे खुणेला बसचं तिकीट घालून थांबलो होतो. तिथपर्यंत पुस्तक मला खरोखर आवडलं होतं. एका लहान शहरात एक विद्वान गृहस्थ एका श्रीमंत विधवेच्या आश्रयाला वीस वर्षं राहत असतात. त्यांनी आयुष्यात विशेष काही केलेलं नाही, पण सरकारची आपल्यावर नजर आहे अशी त्यांची समजूत आहे आणि त्या समजुतीवर त्यांचं छान चाललेलं आहे. बाई त्यांना रागावतात, त्यांनी कसले कपडे घालायचे ते ठरवतात. एकाच घरात राहून हे गृहस्थ बाईंना पत्रं लिहितात, कधी दिवसाला दोन. मध्येच बाईंचा तरुण मुलगा काही कारण नसताना एका बड्या अधिकाऱ्याचा कान चावतो. कान चावला म्हटल्यावर कुणीही ती विनोदी कादंबरी समजेल. मीही समजलो.

मुलीकडे पोहे झाल्यावर आम्हाला दहा मिनिटं गच्चीवर पाठवलं. मी हवेबद्दल काहीतरी बोलणार होतो. तिनं एकदम विचारलं, "सध्या काय वाचताय?" मी पुस्तकाचं नाव सांगितलं. "झालं वाचून?" मी हो म्हणालो. आजही मला तो क्षण आठवतो आणि लाज वाटते. 'नाही' म्हणायलाही तेवढाच वेळ लागला असता. तिनं गोष्ट विचारली. मी एकशे अठरा पानं रंगवून सांगितली. ती हसली, कानाच्या चाव्याला तर कठडा धरून हसली, आणि मग म्हणाली, "शेवटी काय होतं?"

खाली मोठी माणसं वाट बघत होती. मी त्या दोघांचं लग्न लावून दिलं. शरद ऋतूतली बाग, पिवळी पानं, म्हातारे गृहस्थ बाईंना म्हणतात, आता पत्र लिहायला कागद उरला नाही, तेव्हा तोंडानंच विचारतो. हे वाक्य मला कुठून सुचलं ते मला माहीत नाही. त्याआधी आणि त्यानंतर मला असं काही सुचलेलं नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हातारपणी का होईना," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी होकार आला. अमेरिकेतल्या एका मुलाला तिनं त्याच आठवड्यात नकार दिला होता, असं मला नंतर कळलं. त्याचा छंद क्रिकेट बघणे हा होता.

या गोष्टीला बावीस वर्षं झाली. त्यातली सतरा आम्ही अबुधाबीत काढली. कादंबरीतली ती दोन म्हातारी माणसंही आमच्याबरोबर इथे आली. मी रुसलो की बायको म्हणायची, "झाला का तुझा तो रशियन म्हातारा?" मी शर्ट बदलायला कुरकुर केली तर म्हणायची, "बाई सांगतायत तेच कपडे घालायचे." तिनं पुस्तक स्वतः कधी वाचलं नाही, कारण शेवट कळलेलं पुस्तक ती वाचत नाही. माझं नशीब, असं मी समजत होतो.

अल रीम आयलंडवर आमचा मराठी वाचनकट्टा आहे. महिन्यातून एका रविवारी कुणाच्या तरी फ्लॅटवर बारा-पंधरा माणसं जमतात. कट्ट्याची पद्धत अशी की एकानं पुस्तक वाचायचं आणि ते हातात न घेता तोंडी सांगायचं, शेवटासकट. शेवट सांगायचा कारण बाकीचे कुणी ते वाचणार नाहीत, हे सगळ्यांनी पहिल्याच बैठकीत प्रामाणिकपणे मान्य केलं होतं. ऑफिस, मुलांचे क्लास, ट्रॅफिक. ऐकून विद्वान व्हायचं आणि वडे खाऊन घरी यायचं.

एप्रिलमध्ये बायको रात्रीची भांडी लावता लावता म्हणाली, "पुढच्या महिन्यात तुझं नाव दिलंय. तुझी रशियन सांग."

"ती कशाला? जुनी आहे."

"दुबईच्या तिघी मुद्दाम येतायत ऐकायला. त्यांच्या सिलिकॉन ओएसिसच्या कट्ट्यावर मी दोन वर्षांपूर्वी सांगितली होती ना, आठवतं? रडल्या होत्या बायका. मी म्हटलं, आता एकदा याच्या तोंडून ऐका."

मला आठवत नव्हतं, कारण तिनं मला ते सांगितलंच नव्हतं किंवा सांगितलं तेव्हा मी ऐकत नव्हतो. दोन्ही शक्य आहे. म्हणजे मी गच्चीवर रचलेलं लग्न आता माझ्या बायकोच्या तोंडून, तिच्या नावावर, दुबईत फिरत होतं. तिनं स्वतः पुस्तक वाचलंय असं त्या तिघींना वाटत होतं. मी खरं सांगितलं तर पंधरा माणसांसमोर ती खोटी पडणार होती. खोटंच सांगितलं आणि कुणी खरंच वाचलेलं निघालं, तरीही तीच पडणार होती. मला माझी काळजी नव्हती असं म्हणणार नाही, पण तिची जास्त होती. कट्ट्यावर आजवर ती एकटीच पुस्तकं खरोखर वाचून येते.

स्टोअररूममध्ये 'किचन – जास्तीचं' असं लिहिलेल्या खोक्यात पुस्तक सापडलं. बसचं तिकीट जागच्या जागी होतं. तीन आठवडे होते. मी एकशे एकोणिसावं पान उघडलं.

पहिल्या दोन दिवसांत मला कळलं की मी विनोदी कादंबरीच्या दारातूनच परत फिरलो होतो. त्या विद्वान म्हाताऱ्याला एक मुलगा निघाला. त्याचा उल्लेख आधी आला होता, मी त्याच्याकडे लक्ष दिलं नव्हतं. हा मुलगा गावात येतो, गोड बोलतो, गव्हर्नरच्या बायकोला खिशात घालतो आणि पाच जणांचं एक गुप्त मंडळ बनवतो. सगळं पाडायचं, जाळायचं, मग बघू. देव नाही, कायदा नाही, घर नाही. पत्रकं निघतात. आग लागते. एक माणूस केवळ विचार सिद्ध करायला स्वतःवर गोळी झाडणार असतो आणि मंडळ त्याला शांतपणे वेळ ठरवून देतं. आणि माझी बाग, पिवळी पानं, कागद संपलेला म्हातारा? तो कोपऱ्यात बसून फ्रेंचमध्ये उसासे टाकत होता.

मी मुसफ्फ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंत्राटदाराकडे प्लॅनिंगचं काम करतो. काम सरकारी आहे. अशा ठिकाणी जेवणाच्या सुट्टीत जाळपोळीचं पुस्तक उघड वाचायचा मला धीर होईना. मी त्याला साइट सेफ्टीच्या मॅन्युअलचं कव्हर चढवलं. त्यामुळे आमच्या लेबनीज मॅनेजरनं दोनदा माझं कौतुक केलं. "गुड, हबीबी, व्हेरी गुड," तो म्हणाला. तेही मनाला लागलं. दीडशे वर्षांपूर्वीच्या रशियन पुस्तकाला इथे कोण हरकत घेणार होतं? पण ज्याच्या मनात चोर असतो तो पुस्तकालाही हेल्मेट घालतो.

आमच्या ऑफिसात कागदपत्रांचं काम बघणारे रत्नागिरीकडचे एक गृहस्थ आहेत. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी एका दुपारी कव्हर उचललं, आतलं पान बघितलं आणि माझ्यासमोर चहा ठेवला.

"काय आहे रे यात?"

मी सांगितलं. त्या मंडळाची एक बैठक असते. वाढदिवसाच्या नावाखाली जमलेले असतात. ही बैठक आहे की नुसतं जमणं आहे, यावर मतदान घ्यायचं ठरतं. हात वर करायचा म्हणजे बैठक आहे असं समजायचं की नाही असं, हेच कुणाला कळत नाही. अर्धे हात वर करतात, मग खाली घेतात. एक विद्वान उठून म्हणतो, माझ्याकडे समाजाची संपूर्ण योजना तयार आहे, पण समजावून सांगायला दहा संध्याकाळी लागतील.

चाचा इतके हसले की चहा सांडला. "अरे, हे तर आमच्या गावच्या कमिटीचं लिहिलंय! पाच माणसं, आणि दहा संध्याकाळी." मग डोळे पुसत म्हणाले, "पुढे?"

"पुढे त्यातल्या एकाला मंडळातून बाहेर पडायचं असतं. त्याची बायको नुकतीच परत आलेली असते. त्याला मारतात, सगळे मिळून. तळ्यात टाकतात."

चाचांचं हसू गेलं. "सगळे? त्या मतदानवाल्यांनी?"

"तेच. मारायचं असं मनातून फारसं कुणालाच वाटत नसतं. पण नको म्हणायची लाज वाटते. आणि एकदा सगळ्यांचे हात लागले की मग कुणी फुटणार नाही, असा त्या मुलाचा हिशोब."

ती माणसं राक्षस असती तर मला सोपं गेलं असतं. पण ती मला ओळखीची वाटत होती. बैठकीत हात अर्धा वर करून बाजूच्याकडे बघणारा माणूस मी पुष्कळ वेळा झालेलो आहे. मी चाचांना मग सगळंच सांगून टाकलं: गच्ची, बाग, दुबईच्या तिघी.

त्यांनी सांडलेला चहा पुसून काढला. "तू बावीस वर्षं या पोरीला..." ते म्हणाले आणि थांबले. "बायकोला सांग. आज. मग वाच पुढचं. खलास."

"रागावली तर?"

"रागावेलच. तुला काय वाटलं, मिठाई वाटेल?"

त्या संध्याकाळी मी सांगणार होतो. पण बायको दुबईच्या मैत्रिणीशी फोनवर होती आणि म्हणत होती, "नाही गं, हा माझ्यापेक्षा छान सांगतो." दुसऱ्या वेळी आम्ही हायपरमार्केटमध्ये अळूची पानं शोधत होतो. मी "मला तुला काहीतरी सांगायचंय" असं म्हणालो, तेवढ्यात पानं सापडली. तिसऱ्या वेळी मी सगळं कागदावर लिहून काढलं, साडेतीन पानं झाली. त्यात गच्चीच्या आधीची-नंतरचीही दोन-तीन पापं घातली, बारावीच्या प्रॅक्टिकलमधलं एक आणि मुलीच्या शाळेच्या प्रोजेक्टमधलं एक. वाचून पाहिलं तर मला माझाच अभिमान वाटायला लागला. म्हणून फाडलं.

रविवार आला. माझी साठ-सत्तर पानं राहिली होती. कट्टा ज्यांच्याकडे होता त्यांच्या टॉवरखाली पाहुण्यांच्या पार्किंगला जागा नव्हती, म्हणजे नेहमीसारखंच. मी चकरा मारत होतो. बायकोच्या मांडीवर अळूवड्यांचा डबा होता. मागे आमची सोळा वर्षांची मुलगी कानात इअरफोन घालून बसली होती. तिला वड्यांचं आमिष दाखवून आणलं होतं. तिसऱ्या चकरेला मी म्हणालो, "त्यांचं लग्न होत नाही."

"कुणाचं?"

"त्या दोघांचं. मी पुस्तक पूर्ण वाचलंच नव्हतं. शेवट मी गच्चीवर बनवला."

एक पांढरी गाडी जागेतून निघते आहे असं वाटलं, पण ती नुसती सरळ होत होती.

"किती वाचलं होतंस?"

"एकशे अठरा."

"पानं?"

"हो."

"किती पानांपैकी?"

"सातशेच्या वर."

मागच्या सीटवर एक इअरफोन निघाला. "वेट. सो यू गॉट मॅरिड बिकॉज ऑफ फेक न्यूज?"

"तू गप्प बस," आम्ही दोघंही एकदम म्हणालो. एकदम बोललो याचं मला क्षणभर बरं वाटलं. बायकोकडे पाहिलं तेव्हा ते गेलं. ती डब्याच्या झाकणाकडे बघत होती.

"मग काय होतं त्यात?"

"खून होतो. आग लागते. बरीच माणसं मरतात."

"आणि ते दोघं?"

"म्हातारा घर सोडून निघालाय. पुढचं अजून वाचायचंय."

"अजून?" ती म्हणाली. "आजही नाही झालं वाचून?" मग बाहेर बघत, "तिथे जागा आहे. लाव."

एकतिसाव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडताना ती एवढंच म्हणाली, "माझ्यासाठी काही सारवासारव करू नकोस."

मी केली नाही. दुबईच्या तिघी पुढच्या सोफ्यावर बसल्या होत्या, हातरुमाल तयार ठेवून. मी उभा राहून पहिल्यांदा सांगितलं की मी लग्नाआधी एका मुलीला खोटा शेवट सांगितला, तिनं माझ्यावर विश्वास ठेवून तो तुम्हाला सांगितला, आणि तिची चूक एवढीच की किती पानं वाचलीस, हे तिनं मला विचारलं नाही. मग मी पुस्तक सांगितलं, जेवढं वाचलं होतं तेवढं. ते पाच जण, ती बैठक, ते तळं. शेवटची सत्तर पानं वाचलेली नाहीत, हेही सांगितलं. कट्ट्याच्या इतिहासात असं कुणी कबूल केल्याचं मला आठवत नाही.

मग दुबईची एक बाई म्हणाली, "म्हणजे त्यांचं लग्न होत नाही? अहो, मी पुण्याला सासूबाईंना सांगितली ही गोष्ट! सहा वर्षं मामंजींशी बोलत नव्हत्या. ऐकून बोलायला लागल्या."

"आता परत बंद होतील," कुणीतरी म्हणालं आणि सगळे फुटले. हसणं थांबेना. कुणी मला विचारलं की आणखी कुठली पुस्तकं अशी सांगितलीस. कुणी म्हणालं, बायोडेटाबरोबर आता वाचनाचं सर्टिफिकेटही मागायला हवं. यजमानांनी मध्येच उठून बाल्कनीचं दार लावून घेतलं, कारण चर्चेत 'क्रांती' हा शब्द दोनदा आला होता. बँकेतल्या एका ज्येष्ठ काकांनी सूचना केली की ग्रुपवर फक्त 'रशियन कौटुंबिक कादंबरीवर चर्चा झाली' एवढंच टाकावं. ते एकमतानं मंजूर झालं. हात वर करून. मी कुणाकडे बघितलं नाही.

बायको हसली नाही. ती अळूवड्या वाढत होती. माझ्याजवळ आली, माझी ताटली ओलांडून पुढच्या माणसाला दोन वाढल्या.

घरी परतताना तिनं पुस्तक माझ्या बॅगेतून काढून स्वतःच्या पर्समध्ये ठेवलं. मावत नव्हतं, तरी ठेवलं. दुसऱ्या दिवसापासून ती वाचायला लागली, पहिल्या पानापासून. माझ्याशी ती बोलत होती, पण दूध, धोबी, मुलीची फी भरलीस का, एवढंच. मी चाचांना विचारलं की हे किती दिवस चालेल. "पुस्तक केवढं आहे?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली.

मी तिच्या पानांवर लक्ष ठेवून होतो. दोनशेच्या आसपास ती एकदा मोठ्यानं हसली आणि मी स्वयंपाकघरातून धावत आलो. तिनं काय झालं ते सांगितलं नाही. चारशेला तिनं स्वतःहून विचारलं, "हा मुलगा एवढा वाईट कसा झाला? बाप तर नुसता आळशी आहे." मी म्हणालो, मला वाटतं बापानं त्याला वाढवलंच नाही, लहानपणीच दुसऱ्यांकडे पाठवून दिलं आणि वर्षानुवर्षं बघितलंही नाही. "हं," ती म्हणाली. आमच्यातलं तीन आठवड्यांतलं ते सर्वात लांब संभाषण. तळ्याचं प्रकरण तिनं वाचलं त्या दिवशी तिनं स्वयंपाक केला नाही. आम्ही बाहेरून मागवलं आणि कुणी फार खाल्लं नाही.

एका शनिवारी सकाळी, मुलगी क्लासला गेलेली असताना, बायको बाल्कनीतून आत आली आणि पुस्तक माझ्यासमोर टेबलावर ठेवलं.

"संपलं," ती म्हणाली.

"काय होतं शेवटी?"

"सांगणार नाही. सत्तर पानं राहिलीत ना तुझी? बस."

ती समोर खुर्ची ओढून बसली. मी वाचायला लागलो. एवढ्या जवळून कुणी बघत असताना मी शाळेनंतर कधी वाचलेलं नाही. मध्ये तिनं एकदा चहा ठेवला, एकदा विचारलं, "कितवं पान?" म्हातारा हातात छत्री आणि पिशवी घेऊन, आयुष्यात पहिल्यांदा पायी निघालेला होता. एका तळ्याकाठच्या खेड्यात तो तापानं पडतो. मग गाडीचा आवाज येतो आणि बाई येतात. मी वाचत गेलो. दुपारचं ऊन काचेवर आलं तेव्हा पडदा ओढायला तीच उठली.

शेवटचं पान झाल्यावर मी पुस्तक मिटलं.

"बघू नकोस त्यात. सांग," ती म्हणाली.

"बाई येतात," मी म्हणालो. "त्याच्या उशाशी बसतात. तो म्हणतो, मी वीस वर्षं तुमच्यावर प्रेम केलं. मग तो..."

"नाही. आधी काय करतात त्या?"

"आधी?"

"आल्या आल्या बसत नाहीत त्या. रागावतात. ताप असलेल्या माणसाला, सगळ्यांसमोर. सोडून गेलास म्हणून. उशाशी मग बसतात, आणि मग तीन दिवस हलत नाहीत." तिचा आवाज थोडा बदलला होता. "तू एकदम बसवलंस त्यांना. तुझी सवयच आहे ती. नीट सांग."

मी पुन्हा सुरुवात केली, गाडी दारात थांबते तिथून.